पाणबुड्याच्या तीन कडा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मला खोटारडी ठरवण्यात आलं, म्हणून लिहायला बसले. ह्यांना सांगावं तर म्हणतील, ‘जाऊ दे ना, चित्रांचीच पुस्तकं ती.’ जाऊ कशी देऊ?

दातवाल्या डॉक्टरांनी मी विकलेला अंक परत पाठवला. सोबत चिठ्ठी – ‘कडा कापलेल्या आहेत. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ बाकी एक अक्षर नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझा हा उद्योग आहे. रद्दीच्या दुकानातून जुन्या कॉमिक्सचे गठ्ठे उचलायचे. ‘पाणबुड्या’ साप्ताहिकाचे अंक निघाले तर ठेवून घ्यायचे, बाकीचे, जे शोधत असतील त्यांना विकायचे, आणि त्या पैशातून आणखी पाणबुड्या. पेन्शनला हात लावायचा नाही, हा नियम मीच घातलेला. आता एकच अंक कमी आहे. पाणबुड्या बुडालेल्या जहाजात शिरतो, मागे लोखंडी दार बंद होतं, आणि ‘पुढील अंकी’. मधला एक आठवडा सोडून पुढच्या अंकात तो वर आलेला असतो, कसा ते मला आजतागायत माहीत नाही. तो मधला अंक डॉक्टरांकडे आहे, आणि एक नाही, दोन प्रती आहेत. ‘विश्वासातल्या माणसालाच देईन,’ म्हणाले होते. आता झालाच म्हणायचा विश्वास.

जुन्या अंकाची कड पिवळी असते, कुरतडलेली असते, कोपरे मऊ पडलेले असतात. तसंच राहू द्यायचं. सुरी फिरवून कड सरळ केली की अंक मेला. दिसायला नवा, किंमत रद्दीची. आणि असे अंक नवे म्हणून खपवणाऱ्याला आम्हा जमवणाऱ्यांत कोणी दारात उभं करत नाही.

पण हा अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला तेव्हा मी स्वतः भिंगाखाली पाहिला होता. कड पिवळी होती. परत आलाय तो पांढराशुभ्र, तिन्ही बाजूंनी, नखाएवढा कमी.

म्हणजे हा माझा अंक नव्हेच. डॉक्टरांनी माझा ठेवून घेतला आणि स्वतःकडचा कापलेला मला धाडला. हात स्वच्छ असतात त्यांचे, दिवसातून पन्नासदा धुतात. मन कुठे धुतात?

४ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं शेवटी. म्हणाले, ‘अगं, एवढा मोठा डॉक्टर एका कॉमिकसाठी चोरी करेल?’

बँकेत खोट्या सह्या करणारे काय झोपडीतून यायचे?

वन्सं जेवता जेवता म्हणाल्या, ‘फाटकीतुटकी पुस्तकं विकायचीच कशाला मुळात? नीटनेटकं दिलं की बोलणी खावी लागत नाहीत.’ वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मागच्या खोलीत राहायला येऊन दोन-तीन महिने झाले. घरमालकाने जागा विकली, दुसरं कोणी नाही, म्हणून हे घेऊन आले. आयुष्य छापखान्यात गेलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा ओवता येत नाही. दिवसभर खाटेवर बसून असतात. माझं कॉमिक्सचं कपाटही त्याच खोलीत, त्यामुळे सतत एकमेकींच्या वाटेत.

मला पाहुणे जमत नाहीत. पाहुणा कायमचा असेल तर त्याला पाहुणाही म्हणता येत नाही.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांना फोन केला. आवाज गोड ठेवला. ‘चूक झाली असेल, त्याच अंकाची दुसरी प्रत आहे, बदलून देते.’ ‘बघा बुवा,’ म्हणाले. बुवा!

दुसऱ्या प्रतीत मधल्या पानावर, पिनेच्या आत, पेन्सिलीचा ठिपका दिला. ठाऊक असेल त्यालाच सापडेल असा. कड पिवळी आहे याची खात्री करून पाकीट परत कपाटात ठेवलं. आता बदला म्हणावं.

९ फेब्रुवारी, रविवार

बाजार. मैदानाच्या कडेला आम्ही सतरंजी टाकून बसतो – मी आणि मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. गठ्ठे आम्ही अर्ध्यात घेतो. पाणबुड्या माझे, जंगलातले आणि घोडेस्वार त्यांचे, उरलेलं विक्रीला. माणूस चांगला, पण बोलघेवडा. गिऱ्हाईक लहान मूल असलं तर अर्ध्या किमतीत देतात आणि मला सांगतात, ‘मॅडम, पुढची पिढी तयार करतोय.’ पुढची पिढी अंकावर आइस्क्रीम सांडते.

मंगळवारी मास्तरांची कवळी बसवायची आहे, त्याच डॉक्टरांकडे. बदलीची प्रत तेच नेऊन देणार. सोमवारी घरी येऊन पाकीट घेऊन जातील. पोस्टाचा खर्च वाचला.

११ फेब्रुवारी

डॉक्टरांचा फोन. ‘ही पण कापलेलीच आहे हो, बाई.’

हसत होते का?

१३ फेब्रुवारी

स्वतः गेले दवाखान्यात. बाहेर तिघे गाल धरून बसलेले. मी नंबर लावला, दात दुखत नसताना. आत गेल्यावर म्हटलं, ‘अंक दाखवा.’ त्यांनी हातमोजे काढले, परत हात धुतले, मग कुठे पाकीट काढलं. हे मला आवडलं, कबूल करते.

मधलं पान उघडलं. ठिपका होता.

म्हणजे प्रत माझीच. कडा पांढऱ्या. डॉक्टर म्हणाले, ‘मी तुमच्यावर आळ घेत नाही. पण कोणी तरी कापतंय. कोण ते शोधा. आपल्या लोकांत बोलणं सुरू झालंय, मी थांबवू शकणार नाही. त्या मधल्या अंकाचं आपण नंतर बघू.’

नंतर म्हणजे कधीच नाही. तीस वर्षं लोकांना ‘नंतर या’ सांगितलंय, मला कळतं.

घरापासून दवाखान्यापर्यंत पाकीट कोणाच्या हातात होतं? एकाच माणसाच्या. ड्रॉइंग मास्तर. घरात पट्ट्या, ब्लेड, कागद कापायचं सगळं सामान. माझं नाव गेलं की डॉक्टरांसारखं गिऱ्हाईक आपसूक त्यांचं. पुढची पिढी म्हणे!

१५ फेब्रुवारी

सगळे प्रसंग आठवून पाहिले. मागच्या महिन्यात मास्तर म्हणाले होते, ‘मॅडम, तुमचा हिशेब फार कडक.’ तेव्हा मी कौतुक समजले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्रमाने लिहिते.

बाजारात सतरंजी टाकायच्या आधीच विचारलं, ‘मास्तर, पाकीट वाटेत उघडलं होतं का?’

‘नाही. का हो?’

‘कडा कापल्यात. माझ्याकडून निघालं तेव्हा ठीक होतं.’

मास्तर खाली बसले. शेजारचा कॅसेटवाला ऐकत होता, त्याने गाणं बारीक केलं – आमच्यासाठी नव्हे, स्वतःच्या सोयीसाठी.

‘मॅडम, बघा जरा,’ असं म्हणून मास्तरांनी उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. ‘सहा वर्षं झाली. म्हणून तर शाळा सोडली. मला शर्टाचं बटण लावता येत नाही, सून लावते. आणि तुम्ही म्हणता तीन कडा सरळ कापल्या. तुमच्या तोंडात साखर पडो, पण नाही जमणार.’

दर रविवारी त्यांचा चहा बशीत सांडतो. मला वाटायचं, गबाळा माणूस.

ते उठले, आपल्या वाटणीचे अंक पिशवीत भरले, आणि गेले. मी एकटी सतरंजीवर बसून काय करणार? अकराच्या आतच घरी आले.

हे केस कापायला गेले होते. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. ढकललं.

वन्सं खाटेवर मांडी घालून बसलेल्या. पुढ्यात पोळपाटाएवढी फळी, फळीवर माझा अंक, त्यावर पोलादी पट्टी. डावा तळवा पट्टीवर दाबलेला. उजव्या हातात सुरी. डोळे मिटलेले. सुरी एका दमात वरून खाली आली – ना घाई, ना अडखळणं. सुरी हातात असलेल्या माणसाला दचकवू नये, म्हणून ती टेकेपर्यंत मी हाक मारली नाही.

‘आलीस का लवकर?’ त्याच म्हणाल्या. ‘दोनच राहिलेत.’

लपवालपवी काही नाही. पट्टीसुद्धा उचलली नाही.

‘वन्सं, हे काय चाललंय?’

‘कापतेय. बाइंडिंग खात्यात जन्म गेला माझा. काठ सरळ केल्याशिवाय एक पुस्तक टेबलावरून खाली उतरलं नाही. आणि तू असली दातरलेली गिऱ्हाइकाला देतेस. आल्या दिवसापासून बघतेय. मग म्हटलं, आपणच करून ठेवावं.’

‘पण तुम्हाला दिसत नाही.’

‘दिसायचं काय त्यात? बोटाला कळतं.’

‘मला सांगायचं तरी.’

‘सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. तू कोणाचं काही घेतेस कधी? दोन वेळचं गिळते मी इथे, परत करायला माझ्याकडे हे एवढंच आहे.’

मी कपाट उघडलं. विक्रीचे झाडून सगळे अंक पाकिटांतून काढून, कापून, परत जिथल्या तिथे. पांढऱ्या कडा रांगेने, नव्या वह्यांसारख्या. पहिला परत आला त्याच्याही आधीपासून चाललं होतं. कापलेल्या पट्ट्या त्यांनी पिशवीत जपून ठेवल्या आहेत, ‘पुस्तकात खुणेला होतील’ म्हणून.

वरच्या फळीवरचे पाणबुड्या मात्र जसेच्या तसे.

‘ते तुझे स्वतःचे ना,’ म्हणाल्या. ‘ते तू सांगितल्याशिवाय कसे कापणार?’

मग मी समजावून सांगितलं. कापलेला अंक आमच्यात मेलेला धरतात. किंमत नाही, आणि विकणारा लबाड ठरतो. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी.

‘म्हणजे मी खराब केले?’

‘हो,’ म्हटलं.

त्यांनी सुरी फडक्याने पुसली, म्यानात घातली, म्यान उशीखाली ठेवलं. उरलेले दोन अंक चाचपून माझ्याकडे दिले.

१७ फेब्रुवारी

वन्सं सकाळी ह्यांना म्हणाल्या, ‘माझी कुठे तरी सोय बघ. एखादा आश्रम-बिश्रम असेल तर.’ हे माझ्याकडे वळले. ‘काय झालं तुमच्यात?’

‘काही नाही.’

‘अक्का उगाच असं बोलायची नाही.’

संध्याकाळपर्यंत संशयाने बघत होते. मी दुसऱ्यांकडे बघते तसंच. बरं वाटत नाही ते.

१८ फेब्रुवारी

मास्तरांच्या घरी. सून दार उघडून आत निघून गेली, म्हणजे तिला कळलंय. मी उभ्याउभ्याच म्हणाले, ‘माझं चुकलं.’

‘बसा तर खरं. चहा सांडेन, पण देईन.’

‘कोणी केलं ते कळलं मला.’

‘घरचंच ना?’

मी कप पुढे ओढला.

‘मग नाव नका सांगू. मलाही पोटात ठेवता येत नाही फार काही, बायकोची आयुष्यभर तक्रार होती.’ बशीतला चहा कपात ओतून घेतला. ‘रविवारी या. पण यापुढे गठ्ठा माझ्या घरी राहील, मॅडम.’

बरोबर आहे. मीही तेच केलं असतं.

२० फेब्रुवारी

दवाखाना. डॉक्टरांचे पैसे परत केले. इतरांनाही फोन करून झाले. ज्यांनी घेतले त्यांचे पैसे देणार, अंक त्यांच्याकडेच राहू देत. या कामी पेन्शनला हात लागला. लागू दे.

‘कापणारा सापडला?’

‘सापडला. माझ्या घरात कापले गेले.’

‘कोणी? नाव सांगा, मी चौघांना सांगतो, तुम्ही सुटलात.’ खण उघडून त्यांनी तो मधला अंक टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच पाहिला मी. मुखपृष्ठावर लोखंडी दार, आणि दाराच्या फटीत पाणबुड्याचा हात.

नाव दोन अक्षरी तर आहे. नातं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मग ह्याच्याकडून त्याच्याकडे, डॉक्टरांच्या कंपाउंडरपासून कॅसेटवाल्यापर्यंत – मॅडमच्या घरातली आंधळी म्हातारी, तिने केलं. कधी तरी ते वन्संच्या कानावर आलंच असतं.

‘माझ्या घरात म्हणजे मी,’ म्हटलं. ‘दुसरं नाव नाही.’

‘लोक मग तुम्हीच कापले म्हणतील.’

‘म्हणू देत.’

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. हा माणूस खोटं बोलतोय का, असं मी काउंटरमागून बघायचे, तसं. मग अंक खणात गेला. ‘मला नियम मोडता येत नाही, बाई.’

नियमाचा माणूस. त्याला नावं ठेवायला मला जागा नाही.

२२ फेब्रुवारी

वन्सं जेवतात, उठतात, बसतात. हात मांडीवर, पालथे. कपाटाकडे पाठ. मी खोलीत गेले की पाय पोटाशी घेतात, मला वाट मिळावी म्हणून.

हे आश्रमांची पत्रकं घेऊन आले. मी ती फाडली. हे म्हणाले, ‘मग करायचं काय?’ मला तरी कुठे ठाऊक?

दुपारी वरच्या फळीवरचे पाणबुड्या काढले. एक वाचावा म्हटलं. पाकिटातून काढला, अंगठ्याचा डाग पडेल म्हणून परत घातला. इतक्या वर्षांत एकही सलग वाचलेला नाही मी.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाजाराला गेले नाही. वन्संच्या स्वाधीन केलं – ‘पाणबुड्या’, पहिल्या अंकापासून शेवटच्यापर्यंत, सर्व पाकिटांतून काढून. नवी सुरी एक. जाड पुठ्ठा, निळं कापड, खळ, दोरा. सुई मी ओवून दिली. तिन्ही कडा कापून एकच पुस्तक बांधायचं. नसलेल्या अंकाच्या जागी तेवढीच कोरी पानं घालू का, असं त्यांनी विचारलं, घाला म्हटलं. पावती घेतली नाही.