टँकरची यादी आणि माझी फ्लॉपी

सर, काल मुदखेडला एका लग्नात तुमचा विषय निघाला. काय निघालं ते शेवटी सांगते, आधी जरा धीर गोळा करू द्या.

तो दुष्काळाचा उन्हाळा आठवतो? लातूर जिल्हा तसा नवाच, कचेऱ्यांत कॉम्प्युटर कमी, म्हणून टँकरच्या गावांची यादी तुमच्या क्लासमध्ये टाइप व्हायला यायची. धड चालणारं मशीन एकच, तेही दोन एमबी मेमरीचं. पडद्यावर एकाच वेळी दोन-तीन चौकोन उघडता येतात, याचंच आम्हा पोरींना कोण अप्रूप! तुम्ही खडू खाली ठेवून सांगताय, "टँकरवर बाया कशा पाणी भरतात? एकीची घागर भरली की ती आपणहून बाजूला होती, मग दुसरीचा नंबर. मशीनमधल्या प्रोग्रामांचं तसंच हाय. त्यांना हाकलायला हवालदार न्हाई. एकानं नळी सोडली न्हाई, की समदी रांग उभी. आन् मेमरीची टाकी बारकी हाय, लई चौकोन उघडू नका. दर धा ओळीला सेव्ह करा."

मी हो हो म्हणाले आणि त्याच आठवड्यात माती खाल्ली. भर दुपारी यादी टाइप करता करता कंटाळा आला, म्हणून मैत्रिणीकडून माझ्या फ्लॉपीवर घेतलेला खेळ यादीशेजारीच उघडला. दोनच मिनिटं, म्हटलं. खेळानं नळी सोडलीच नाही. बाण हलेना, कळा चालेनात, शेवटी मशीन बंद करून चालू केलं. सेव्ह न केलेली अर्धी यादी गेली. कचेरीचा शिपाई दारात उभा होता. हाताने लिहिलेल्या कागदांवरून मी घाईघाईने पुन्हा टाइप केलं, त्यात दोन कागद चिकटलेले राहिले आणि एक वाडी सुटली. तुम्हाला एवढंच सांगितलं, "सर, मशीन अडकलं होतं."

त्या वाडीला आठ दिवस टँकर गेला नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन क्लासच्या दारात आल्या. एक जण ओरडली, "मास्तर, आमची लेकरं काय तुमचा कॉम्प्युटर पितील का?" तुम्ही हात जोडलेत. "माय, माझ्या हातून राहिलं." मग स्कूटर काढलीत, सुधारलेली यादी कचेरीत दिलीत आणि टँकर निघेपर्यंत तिथून हललाच नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात ती खेळाची फ्लॉपी ठेवलीत. "मशीनमधी राहिली होती तुझी. धर." बस, एवढंच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं, सर.

आता माझ्या फोनमध्ये चाळीस गोष्टी उघड्या असतात. एखादी अडून बसली तर फोनच तिला बाहेर काढतो, मला कळतही नाही. काल पंगतीत शेजारी त्याच वाडीची एक मावशी बसली होती. मी तुमच्या क्लासला होते म्हटल्यावर म्हणाली, "हाव, त्या मास्तरानंच आमचं पाणी तोडलं होतं." मावशी, ते मी केलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडात घास होता, तो गिळायला मी लई वेळ लावला. तेवढ्यात कुणीतरी मठ्ठा वाढायला आलं.

उठताना मावशीने तिच्या लेकाचा पत्ता लिहून दिला, घरी ये म्हणाली. तो कागद समोरच ठेवलाय. तरी पत्र मावशीला नाही, तुम्हालाच लिहिलं.