राणीच्या बांगड्या

॥ श्री ॥
सानगडी, ता. १४ मार्च १९८८

चि. सौ. मंदास,
आनंदाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे कार्ड होळीच्या दुसऱ्या दिवशी मिळाले. आम्ही उभयता देवाच्या कृपेने बरे. ह्यांचा गुडघा थंडीत धरला होता, तो आता सुटला. कार्डावर मजकूर मावणार नाही म्हणून अंतर्देशीय घेतले आहे. कोपऱ्यातले बारीक अक्षर भिंग लावून वाच आणि मला कंजूष म्हण.

धुरपताचे विचारलेस. काय लिहू? जावई इश्वररावांचा हिवताप डोक्यात जाऊन ते गेले, त्याला आठवा महिना लागला. दिघोरीचे सासरचे लोक तेराव्यानंतर तिला इथे सोडून गेले, ते फिरकले नाहीत. पोरगी कोठीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसते. हो आणि नाही, एवढेच बोलते. ताटातले अर्धे चिमण्यांना जाते. हे म्हणतात की वर्षभराने कुठे पाट लावून दुसरे घर मिळते का पाहू, एकवीस वर्षांची तर आहे. पण न बोलणारी मुलगी कोण नेईल? माझी आता देवापाशी एकच मागणी आहे. पोर पोटभर जेवावी आणि मला उलटून बोलावी. मग पुढचे पुढे.

एक बरी गोष्ट घडली. भय्याजी गुरुजींनी टीव्ही आणला. रविवारी गडाच्या राणीची हिंदी मालिका लागते, अर्धा गाव तिथे जमतो. मी धुरपताला बळेच नेले. नव्या सुना पुढे बसतात म्हणून तिला दाराशी बसवले, तेवढे पाळावे लागते. घरी आल्यावर ती गोठ्यात गेली आणि गुरांपुढचे मूठभर वाळके तणस घेऊन आली. संध्याकाळपर्यंत त्याची वीतभर बाई झाली होती. कंबर, मान, पदर, सगळे. मी देवाला साखर ठेवली.

तुझी माया आहेच, ती पोरीकडे वळू दे.
तुझी,
आनंदाबाई

*

॥ श्री ॥
सिहोरा, ता. २ एप्रिल ८८

ती. सौ. बाईस,
मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाई, भिंग नाही घरात. तुझं कोपऱ्यातलं अक्षर टिकाराम भाऊजींनी कंदिलाजवळ धरून वाचलं अन् म्हणाले, ह्या बाईनं कागद वाचवून मानसाचे डोळे घालवले.

धुरपतानं बाहुली केली वाचून मले रडू आलं. आमच्याकडेही ती मालिका पाहतात. सासूबाईंना राणीपेक्षा तिचा घोडा आवडते. धुरपताले सांग, मावशीच्या सासूसाठी एक घोडा पायजे.

भाऊजी साकोलीच्या बैलबाजाराले येऊन राहिले. त्यांच्यासंगं पिशवी देते. त्यात माह्या शालूचा फाटका काठ आहे, चहाच्या पुड्यांची चांदी आहे, अन् हिरव्या दोऱ्याचं एक नवं रीळ आहे. रीळ पाहून तू बोलशील की कायले नवं घेतलं. घेतलं. पोरीसाठी घेतलं.

धाकटीवरचा राग दोन ओळींत संपव अन् उरलेल्या कागदावर खुशाली लिही.
मंदा

*

॥ श्री ॥
सानगडी, ता. २० जून १९८८

चि. सौ. मंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

धानाचे पऱ्हे टाकून झाले, म्हणून आज बसायला फुरसत आहे. तुझ्या सासूबाईंचा घोडा तयार आहे. त्याचे पोट जरा मोठे झाले. धुरपता म्हणते, सिहोऱ्याला जाऊन खाणार आहे, आताच सवय असू दे. मंदा, हे ती म्हणाली. आपणहून म्हणाली.

आता कोठीच्या फळीवर आख्खा दरबार उभा आहे. अंग तणसाचे, वरून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. दागिने धानाचे. एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत पकडून माळ करते. लांबून पाहिले तर सोन्याची वाटावी. ह्यांना बांबूच्या तलवारी तासायला बसवले आहे. एक जाड झाली तर पोरगी म्हणाली, बाबा, ही तलवार आहे का मुसळ? हे दिवसभर हसत होते.

तिची एक रीत आहे. मालिकेत जे घडेल ते घरी येऊन बाहुल्यांना करते. सेनापतीला बाण लागला, त्या रविवारी त्याच्या दंडाला पट्टी बांधली आणि पुढच्या रविवारी सोडली. एक सरदार फितूर झाला तर त्याला खालच्या फळीवर, मिठाच्या मडक्यामागे ठेवले. बाया रविवारी संध्याकाळी मुद्दाम येतात, काय बदलले ते पाहायला.

राणीवर तिचा फार जीव. टीव्ही काळा-पांढरा, राणीचे लुगडे कोणत्या रंगाचे ते देव जाणे. धुरपताने हिरवे ठरवले. तू दिलेल्या रिळाच्या हिरव्या दोऱ्याचे वेढे देऊन दोन्ही हातांत बांगड्या केल्या, एकेका हातात नऊ. कुंकू टीव्हीत काळे दिसते, पण हिने लाल लावले, माझ्या करंड्यातले. करंडा तिने इतक्या महिन्यांनी हातात घेतला. मी तांदूळ निवडत होते, निवडतच राहिले.

आता दोन्ही वेळा जेवते. लोणचे मागते.

तुम्हा सर्वांचे प्रेम आमच्यावर आहे तसेच असू द्यावे.
आनंदाबाई

*

॥ श्री ॥
सानगडी, ता. १ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. मंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आनंदाची बातमी आधी. साकोलीला शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन आहे. भय्याजी गुरुजींनी धुरपताचे नाव दिले. उद्या सकाळी ते आख्खा दरबार खोक्यात घालून नेणार. बालवाडीच्या बाई तिथे येणार आहेत, त्यांना खेळणी करणारी, मुलांना शिकवणारी बाई हवी आहे. देवाने मनावर घेतले तर पोर पायावर उभी राहील.

मालिकेतला राजा पोळ्याच्या आधी लढाईत पडला, ते तुम्हीही पाहिले असेल. धुरपताने घरी येऊन राजाला आडवे केले, पांढरे फडके घातले, फळीच्या टोकाला ठेवले. राणीला मात्र हात लावला नाही. पुढच्या रविवारी राणी मोकळ्या कपाळाने, पांढऱ्या वस्त्रात दरबारात बसली. तरी आमची राणी हिरवीच. मी एकदा विचारले, तर म्हणाली, राहू दे, माय. महिना झाला.

परवा शेजारच्या सत्यभामाबाई आल्या होत्या. सगळे पाहून म्हणाल्या, राजा मेला अन् राणी कुंकू लावून बसली, अन् करणारी कोण, तर ही. मला ते फार लागले. साकोलीत चार गावचे लोक येणार, असेच बोट दाखवणार. शिवाय फळी देवघराच्या भिंतीला लागून, तिथे असे अशास्त्र बरे नव्हे. पोरीच्या नशिबात आधीच काय कमी आहे?

म्हणून आज सकाळी ती तळ्यावर धुणे घेऊन गेली तेव्हा मीच ते काम उरकले. ओल्या फडक्याच्या टोकाने कुंकू पुसले. रंग कापडात उतरला होता, तीनदा पुसावे लागले. बांगड्यांच्या गाठी फार घट्ट. राणीला एका हाताने दाबून धरले आणि कात्रीने कापल्या. धोतराचे पांढरे पान नेसवले. दोरा वाया नको म्हणून तुकडे गाठी मारून रिळावर परत गुंडाळले. आता सगळे मालिकेप्रमाणे बिनचूक झाले आहे. तिचे राहिलेले काम आईने केले, तिला बरे वाटेल. ती अजून तळ्यावरच आहे, आज संध्याकाळी खोके भरताना पाहील.

बालवाडीसाठी देवाला सांग. तुझा शब्द तो ऐकतो, माझा लांबवतो.
आनंदाबाई

*

सानगडी, ता. ५ ऑक्टोबर १९८८ (कार्ड)

चि. सौ. मंदास, आशीर्वाद.

धुरपता चार दिवस जेवलेली नाही. पुन्हा भिंतीला बसली आहे. त्या संध्याकाळी राणीला पाहून एकच वाक्य बोलली, मग नाही. ते इथे लिहीत नाही, कार्ड पोस्टमन वाचतो. गुरुजी दरबार घेऊन साकोलीला जाऊन आले. पहिला नंबर मिळाला. पांढऱ्या राणीपुढे बायांनी डोळे पुसले म्हणतात, हुबेहूब म्हणाल्या. प्रशस्तिपत्र तिच्यापुढे ठेवले, तिने उचलले नाही. बालवाडीच्या बाईंनी भेटीला बोलावले आहे. काय करू ते लगेच कळव.
आनंदाबाई

*

॥ श्री ॥
सिहोरा, ता. १२ ऑक्टोबर ८८

ती. सौ. बाईस,
मंदाचा नमस्कार.

काळजी करू नको, धुरपता माह्याकडे आहे. शनिवारी तुमसरच्या गाडीतून एकटी उतरली. हातात पिशवी नाही, पायात चप्पल नाही. सासूबाईंनी कोण कुठची विचारलं नाही, आधी पाय धुवाले पाणी दिलं. तुले न सांगता आली हे मले मागून कळलं. धुरपताच्या बाबांना सांग, शोधाले निघू नका.

दोन दिवस पेज पाजली. तिसऱ्या दिवशी बोलली. तू जे कार्डावर लिहिलं नाही ते तिनं मले सांगितलं. राणीले हातात घेऊन तिनं तुले विचारलं होतं, "इचे हात कोनं धरले होते?"

बाई, तुले तेव्हाच समजलं असेल. म्हणूनच लिहिलं नाही. मी लिहिते, कारण दिघोरीत मीही होते. इश्वरची तिरडी अंगणात होती. बाया वरवंटा घेऊन आल्या. पोरगी हात मागं घेत होती, पाठीशी लपवत होती. ते हात तू पुढं ओढले अन् पाटावर धरून ठेवले. हिरवा चुडा तुह्या मुठीखाली फुटला. कुंकू पुसणारी दुसरी होती, तिचं नाव धुरपताले आठवत नाही. धरणारे हात तिले आठवतात. मी उंबऱ्यात उभी होते, तोंडाले पदर लावून. मी एक शब्द बोलली नाही. माह्या वाट्याचं मी नाकारत नाही.

ह्या पोरीनं सहा महिने खपून एक बाई अशी केली होती की जिचा नवरा मेला तरी तिचे हात कोणी धरले नाही. तेवढी एकच. रागानं लिहीत नाही. कोणत्या शब्दात लिहावं ते समजून नाही राहिलं.

ती परत यायचं म्हणत नाही. मी विचारणार नाही. तुह्यावर माया आहे, ती ह्या पत्रानं कमी झाली असं समजू नको.
मंदा

*

सिहोरा, ता. २ डिसेंबर ८८

ती. सौ. बाईस, नमस्कार.

भाऊजींसंगं खोकं पाठवते. धुरपता जेवते, पण अर्धंच. धान कापणीले बायांसंगं गेली होती. बाहुल्यांचं नाव काढत नव्हती. मागच्या आठवड्यात गोधडीचा एक कोपरा कापून मागितला. तू तुह्या बदामी लुगड्याची शिवून दिली होती ना, ती. त्यातून ही एकच केली. मी विचारलं, मालिकेतली कोण? म्हणे, मालिकेतली नाही. तोंड काहून नाही केलं? म्हणे, हात पुरे. मग म्हणाली, सानगडीले पाठव. दुसरा निरोप दिला नाही. बालवाडीच्या बाईंना नाही म्हणून कळव.
मंदा

*

॥ श्री ॥
सानगडी, ता. २१ डिसेंबर १९८८

चि. सौ. मंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोके पोचले. ह्यांनी उघडले. पाहिले आणि माझ्या हाती देऊन गोठ्यात गेले. बराच वेळ आले नाहीत.

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राचे उत्तर दिले नाही. चारदा लिहायला बसले. त्या दिवशी परक्या बायांनी तिची ओढाताण केली असती, काच शिरेत गेली असती. म्हणून मी धरले, की हात हलू नये, लागू नये. हे खरे आहे, देवासमोर सांगते. पण माझ्या मनात सोडायचे आलेच नाही, हेही खरे आहे. आपल्या आईने तिच्या सुनेचे धरले होते, ते मी पाहिले होते. मला वाटले की आईचे काम तेच. आणि राणीचे केले तेव्हा मला दिघोरी आठवलीसुद्धा नाही. मुलीला काय आठवते ते मला आठवत नव्हते, याचे मला फार वाटते.

राणीला परत कुंकू लावावे म्हणून करंडा घेतला होता. बोट लावले नाही. ते मी करायचे नाही. टिकारामभाऊंसोबत राणी, तिचे हिरवे लुगडे आणि करंडा पाठवते. दोऱ्याचे रीळही आहे. त्यात गाठी आहेत, मी मारलेल्या. धुरपताने नवा दोरा मागितला तर नवा घेऊन दे. माझ्यासाठी जपून वापरू नका. प्रशस्तिपत्र इथेच ठेवले आहे, ते तिचे नाही.

रविवारी मी आता गुरुजींकडे जात नाही. मालिका संपत आली म्हणतात. सत्यभामाबाई विचारायला आल्या होत्या की बाहुल्या करणारी कुठे गेली. मी सांगितले, पाहुणी गेली. दरबार फळीवरच आहे. धूळ बसते, झटकायला हात लावत नाही.

तिने पाठवलेली बाई मी देवघरात ठेवलेली नाही, ती देव नाही. चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवली आहे, माझ्या बसण्याच्या जागेसमोर. बदामी लुगडे ओळखले. तोंड नाही, पण मला ते लागले नाही. दोन्ही मुठी पुढे केलेल्या, आत तार घालून आवळलेल्या. मुठींच्या मधे पोकळी ठेवली आहे, बारीक मनगट बसेल एवढी. सकाळी चूल पेटवण्याआधी मी तिच्यात माझी करंगळी घालून पाहते. पकड फार घट्ट आहे. ओढल्याशिवाय सुटत नाही.

तिला माझे आशीर्वाद सांगू नकोस. राणी सुखरूप पोचली का, एवढेच कळव. तुझ्या मायेत मला असू दे, ती मागायला मला तोंड नसले तरी.
तुझी बाई,
आनंदाबाई