सायकलच्या ट्यूबची पट्टी

ढोकी, शुक्रवार, दिवेलागण

गाडीतला इंजिनाचा बिघाड दाखवणारा तो पिवळा दिवा आज विझला, तरी डोळ्यांपुढून जाईना. गॅरेजमधून परतताना उसाचे तुरे हलत होते, मळीचा वास दाटला होता, आणि मी उगाच दिव्याच्या त्या रिकाम्या जागेकडं बघत होते.

धूर तपासणारा ऑक्सिजन सेन्सरच गेला असणार, असं धरून चालले होते. मिस्त्री गाडीखालून म्हणाला, "सेन्सर ठणठणीत हाय, ताई. त्याच्या वायरीचा जोड वितळलाय. कुणी केला हा?"

कुणी म्हणजे? माझ्याच बापानं! उंदरानं वायर कुरतडली तेव्हा आण्णांनी विहिरीच्या मोटारीची जोडतात तशीच ही जोडली. पीळ देऊन, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून. पण इथं शेजारी तापलेला सायलेन्सर. मिस्त्रीनं नवी वायर डाख देऊन जोडली, सायलेन्सरपासून लांब बांधली. पट्टी मी मागून घेतली. का, कुणास ठाऊक.

घरी आण्णा ओट्यावरच बसलेले. "माझा जोड सुटला व्हय?"

"न्हाय आण्णा, सेन्सरच गेला होता."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "मग ती ट्यूब तुझ्या मुठीत कशी?"