पाईपावरचं गोणपाट

२० एप्रिल, रविवार

शेवटी बसवलाच! इंजिनात हवा नेणारा काळा प्लास्टिकचा पाईप गेला, चकचकीत ॲल्युमिनियमचा आला. लग्न माझ्या बहिणीचं, सोनालीचं, नटतेय गाडी! वाशिंदच्या गॅरेजवाल्या भगीरथने सांगितलं म्हणे — हवा गार, पिकप डबल. साईनाथ बॉनेट उघडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवतोय. माझं मंगळसूत्र तरी कधी इतक्या कौतुकाने बघितलंय का नवऱ्याने!

२४ एप्रिल

आत जाणारी हवा किती तापली, ते गाडीला जोडलेल्या यंत्रामुळे साईनाथला फोनवर दिसतं. गाडी पळत असली की ठीक. आज आसनगावला ट्रॅफिकमध्ये अडकलो, तर आकडा चढतच गेला. पुढे चढावर गाडी ओढेना — मागून ट्रक अगदी अंगावर.

घरी येऊन पाईपाला बोट लावलं. चटका! जुना कधी असा तापत नव्हता. चहा स्टीलच्या पेल्यात घेतला की बोटं भाजतात, प्लास्टिकच्या कपात नाही — एवढं मलाही कळतं. म्हटलं, जुना बसव. तो म्हणे भंगारात दिला. झालं!

आणि सोनालीची वरात याच गाडीतून निघायची आहे.

२७ एप्रिल, रविवार

डोकं लढवलं. शेतावर पाण्याच्या कॅनला ओलं गोणपाट गुंडाळतो, तसंच मी पाईपाला गुंडाळलं. सुतळीने घट्ट आवळलं. साईनाथ आधी हसला. मुरबाडला जाऊन आलो — आकडा खाली! मग हसायचा थांबला. फक्त म्हणाला, भगीरथला कळू देऊ नकोस, इज्जत जाईल. मी दिवसभर हवेत.

३० एप्रिल

बॉनेट उघडलं तर करपलेला वास. गोणपाट खालून वाळून कडक झालेलं, एका कडेला काळं. तिथे सायलेन्सरचा पाईप अगदी जवळून जातो. साईनाथ म्हणतो, वाळलं की भिजवायचं, एवढंच. भिजवलं. काढून टाकावं का? मग चढावर सोनालीला घेऊन गाडी दमली तर?

राहू दिलं.

३ मे

हळद. घर भरलंय, धड बसायला जागा नाही. साईनाथला तीनदा बजावलं, वरातीत मधूनमधून पाणी मार. "मी काय लहान पोर हाय का गो?" म्हणाला.

वरात म्हणजे मुंगीची चाल. पुढे बँजो, चारी बाजूंनी नाचणारे. गाडी बंद करता येत नाही, नवरीला एसी हवा. बॉनेट उघडायला तरी कोण देणार? मला भीती वाटते. लग्नघरात असं बोलू नये, म्हणून इथे लिहिते.

४ मे, रविवार

लागलं लग्न! पाठवणी झाली. मी आईजवळ थांबले. आता ते सोनालीच्या सासरी, टोकावड्याला पोचले असतील.

साईनाथ फोन उचलत नाही. बँजोत ऐकू येत नसेल.

६ मे

सोनाली कल्याणच्या दवाखान्यात आहे. जीव वाचला. दोन्ही हात भाजलेत. वरातीत गाडी पेटली, तेव्हा गर्दीत तिच्या बाजूचं दार वेळेवर उघडलंच नाही.

जळलेली गाडी बघून भगीरथ आईच्या घरी आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "ॲल्युमिनियम असं पेटत नाय. पाईपावर कोनी काय गुंडाळलं व्हतं?"

साईनाथ म्हणाला, "मी. गोणपाट."

आईने त्याला सांगितलं, परत या दारात येऊ नका. तो खाली मान घालून निघून गेला. मी आईच्या शेजारीच उभी होते. काही बोलले नाही.