तिघांना एकच न्हाणी

तुये, पेडणे

ती. काशिनाथमामांस,

दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. लादी बसवणाऱ्याची कंबर एकदा सरळ झाली की ती पुन्हा वाकवायची हिंमत होत नाही.) पद्मावतीमामींचा खोकला थांबला का? आमोण्याला तुमची वायंगणाची, उन्हाळी भाताची लावणी उरकली असेल. इकडे आई बरी आहे, मी बरा नाही. मला राग आला आहे, आणि तो फोनवर सांगण्यासारखा नाही, कारण दोन वाक्यं झाली की तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणून ठेवता. पत्र तुम्हाला शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

तुम्ही मला प्रमोद कंत्राटदाराकडे लावून दिलंत. ‘शांत माणूस आहे’ म्हणालात. शांत आहेच. ज्याच्या तोंडून खरं काही निघत नाही तो शांतच राहणार! सुर्ल्याला सोनाबाई म्हणून एक म्हातारी, ती अंगणात पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळात ऑपरेशन झालं. घरची न्हाणी मागीलदारी, तीन पायऱ्या उतरून. तिथे तिला आता जाता येणार नाही. म्हणून तिची सून स्वाती हिने स्वयंपाकघरालगतच्या कोठीत न्हाणी आणि कमोड करायचं ठरवलं, म्हातारी घरी यायच्या आत. कोठी केवढी? आत उभं राहून अंगरखा काढायचा तर एक हात बाहेर काढावा लागेल, एवढी. त्यात प्रमोदने आम्हा तिघांना एकाच दिवशी पाठवलं: लादीला मी, नळाला बेळगावकडचा महादेव आणि विजेला निलेश. आणि तिघांनाही स्वतंत्र फोन करून सांगितलं, ‘तुझं काम आधी, बाकीचे मागून.’

मी भिंतीची लादी लावली. अशी लावली की ओळंबा लाजेल. दुपारी मी पोई-भाजी खायला बाहेर बसलो आणि आत ठाक ठाक सुरू झालं. जाऊन बघतो तर महादेव माझ्या दोन ओळी फोडून मोकळा! म्हातारी खुर्चीवर बसून आंघोळ करणार, म्हणून नळ खाली हवा, म्हणे. (हे बरोबर होतं. पण बरोबर माणसाचा राग जास्त येतो, हे तुम्हाला मामींमुळे ठाऊक असेल.) मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, ‘काय मर्दा, नळ काय लादीवर चिकटवू?’ तेवढ्यात निलेशने न विचारता मेन स्विच पाडला. माझा कटर लादीच्या अर्ध्यात अडकून लादीचे तीन तुकडे. मी भडकलो, तर निलेश माझ्यावर उखडला, की तुझी धूळ माझ्या नव्या बोर्डात गेली. मग त्याने स्विच परत वर केला आणि रागारागात भिंतीला ड्रिल मारलं ते सरळ महादेवाच्या पाईपमध्ये. मामा, ते कारंजं! तिघेही भिजलो, माझं घमेल्यातलं शिमीट पातळ होऊन वाहिलं, आणि पाणी बंद करायचा कॉक कुठे बसवलाय हे एकट्या महादेवालाच माहीत, आणि तो तर निलेशचा गळा धरायला धावलेला. स्वाती बिचारी स्वयंपाकघराच्या दारावर जुनी साडी लावून धूळ अडवत होती. तिने आमचा चहा बंद केला. योग्यच केलं.

दुसऱ्या दिवशी कसंबसं कमोडखालच्या लादीचं काम झालं, तिथे महादेवाने कमोड बसवला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारापर्यंतची उरलेली लादी मी घातली. वर कुणी पाय ठेवायचा नाही, अशी धमकी सगळ्यांना दिली. आणि दारात गाडी थांबली. म्हातारी बरी आहे म्हणून एक दिवस आधीच सोडलं होतं. वॉकरची चौकट रेटत रेटत ती थेट माझ्यासमोर आली आणि म्हणाली, ‘सर रे पुता, मला आत जायचं आसा.’ मी म्हटलं, ‘आजी, लादी ओली आहे, उद्या.’ (होय, ऑपरेशन झालेल्या म्हातारीला मी ‘उद्या’ म्हटलं.) ती म्हणाली, ‘उद्या? मग आता खंय जाऊ, तुझ्या माथ्यार?’

तिने चौकट आणखी एक पाऊल पुढे रेटली. महादेव बाहेरून फळी घेऊन आला. मी ती माझ्या ओल्या लाद्यांवर घातली, माझ्या हाताने. कमोडकडचं टोक मी पलीकडे जाऊन दाबून धरलं, दाराकडचं त्याने. कोठीत दिवा अजून लागला नव्हता, निलेशने मोबाईलचा उजेड धरला. स्वातीने सासूला दोन्ही हातांनी धरून कमोडपर्यंत नेलं आणि मी डोळे मिटून भिंतीला घासत बाहेर आलो. दार अजून बसलंच नव्हतं. स्वातीने ती साडी तिथे धरली. आम्ही तिघे पाठ करून उभे. तेवढ्यात प्रमोद हसत आला. म्हणाला, ‘झालं ना वेळेत? मी म्हटलंच होतं!’ तीन दिवसांत पहिल्यांदाच आम्ही तिघे एका सुरात बोललो. एवढ्या मोठ्याने, की शेजारचे बाहेर आले. आतून म्हातारी ओरडली, ‘गप रवा रे मेल्यांनो, माझं होईना!’

गप्प झालो. प्रमोद गाडी काढून निघून गेला. फळीखालच्या लाद्या खचल्याच होत्या, त्या मी उपटून पुन्हा घातल्या. पण आधी महादेवाचं, मग निलेशचं, शेवटी माझं, हा क्रम आम्हीच ठरवला. आधाराच्या दांडीसाठी महादेवाने माझ्या लादीत भोक पाडलं तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. चीर गेली नाही. मी शाबासकी दिली नाही. काल सोनाबाई दांडी धरून एकटी आत गेली आणि दार स्वतः लावून घेतलं. स्वाती स्वयंपाकघरात तोंड फिरवून डोळे पुसत होती. आमचा चहा मात्र अजून बंदच आहे.

प्रमोदचं काम मी पुन्हा करणार नाही. मेलो तरी नाही.

आपला रागावलेला भाचा,
दत्तप्रसाद

ता. क. हे पत्र प्रमोदला दाखवू नका. दाखवलंत तर त्याच्याबद्दलचा भाग मोठ्याने वाचा.

आणखी ता. क. प्रमोदने डिचोलीला पुढचं काम दिलंय, मी हो म्हटलंय. पण तिथे तो दुसरा प्लंबर आणतोय. प्रमोद माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. त्याला सांगा, महादेवालाच आण. नव्या माणसाशी पुन्हा पहिल्यापासून भांडायची ताकद माझ्यात नाही. मात्र हे मी सांगितलं असं महादेवाला कळता कामा नये. तो माझ्याशी गोड बोलायला लागेल आणि काम बोंबलेल.