न्यांद्वी म्हणजे सातवा

मुगोम्बे टेकडी, गितेगा
१४ सप्टेंबर २०२१

प्रिय न्यांद्वी,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड शाबूत आहे. काल शेजारणीच्या बकरीला तिने असं फैलावर घेतलं की शेजारीणच माफी मागून गेली.

तुझं पत्र मिळालं. गुरुवारी, तेवीस तारखेला, तुमची बस सरहद्दीवर येणार हे वाचून आई दोनदा रडली आणि लगेच सोयाबीन निवडायला बसली. तिथले साहेब प्रश्न विचारून बघणार की तू खरंच बुरुंडीचा आहेस की कागदांसाठी घुसलेला टांझानियाचा कुणी. त्यासाठी तू उत्तरं लिहून माझ्याकडे तपासायला पाठवलीस. निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेत शिकवायला तू मागे राहिलास ना, मास्तर? पहिल्याच प्रश्नात नापास! राजधानी बुजुम्बुरा नव्हे रे. अडीच वर्षं झाली, राजधानी आपल्या गितेगात आली. बंदर, बँका, सरोवराकाठची हॉटेलं तिकडेच राहिली. आमच्या वाट्याला पाट्या, साहेबांच्या गाड्या आणि महागलेले बटाटे. इथलेही कितीतरी लोक 'राजधानीला जाऊन येतो' म्हणतात आणि बुजुम्बुराच्या बसमध्ये चढतात. पण साहेबासमोर गितेगाच म्हण.

बाकीचं बरोबर आहे. स्वातंत्र्य १ जुलै १९६२, बेल्जियमकडून. झेंड्यावर तीन तारे: एकी, काम, प्रगती. प्रांत अठरा. उत्तरेला रवांडा, पश्चिमेला काँगो, पूर्वेला आणि दक्षिणेला टांझानिया. राजाचे नगारे गिशोराला. नाईलचा सगळ्यात दक्षिणेकडचा झरा आपल्या रुतोवूत आहे, हे न विचारता सांग.

ही झाली पोपटपंची. ती कुणीही पाठ करतं. तुझं शेवटचं उत्तर मात्र मी तीन दिवस हातात धरून बसले आहे. 'टेकडी मुगोम्बे. आई स्पेसियोझा. भावंडं सहा. पाच लहानपणीच वारली, सहावी कानेझा, सातवा मी.'

हे लिहू नकोस. बोलूही नकोस.

इथे टेकडी म्हणजेच गाव, माणूस टेकडीवरून ओळखला जातो, तुला माहीत आहे. तू सांगशील ते साहेब टिपून घेणार आणि आपल्या टेकडीच्या पंचांना विचारणार. म्हणून मी परवा केळ्यांच्या बिअरचा घडा घेऊन काबुराबाबांकडे गेले. पंचांत तेच सगळ्यांत जुने. त्यांनी घड्याला हात लावला नाही. "आधी काम सांग," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, न्यांद्वी येतोय. विचारायला आले तर सांगा ना, आईला सात मुलं झाली."

"किती?"

"सात."

"पोरी, तुझा धाकटा भाऊ तापाने गेला तेव्हा खड्डा मी खणला. त्याच्याआधी स्पेसियोझाला तू एकटी. दोन झाली, दोनच. मला म्हातारचळ लागलाय असं वाटलं काय तुला?"

"मग त्याला परत पाठवतील हो बाबा!"

"पंच होताना काठी जमिनीवर आपटून मी खरं बोलायची शपथ घेतली आहे. सत्तर वर्षांचं तोंड मी तुझ्या घडाभर बिअरपायी बाटवू?" मग त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "कुणाच्या पोटचा विचारलं तर 'ठाऊक नाही' सांगीन. कुणी वाढवला विचारलं तर सांगीन, स्पेसियोझाने. पाठीवर बांधून नेला, तो तिचाच. पण पोरानेही तेच सांगायला हवं. त्याचं एक आणि माझं दुसरं निघालं की संपलं. तो खोटा ठरला तर मलाही त्याला खरा करता येणार नाही."

म्हणून लिहिते आहे. फोनवर हे जमलं नसतं, आई फोन हिसकावून घेते. तिने मला शपथ घातली होती. ती मी आज मोडते आहे.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात कत्तली सुरू झाल्या आणि आम्ही टेकडी सोडून टांझानियाकडे पळालो, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. धाकट्याला जाऊन दोन महिने झाले होते. रुवुबू नदीच्या काठच्या लव्हाळ्यात तू आम्हाला सापडलास. तीन वर्षांचा असशील. अंगात पिवळा सदरा, एका पायात चप्पल. आईने नाव विचारलं, तू म्हणालास, "न्यांद्वी." एवढंच यायचं तुला. सातव्या मुलाचंच नाव ते. आईने ते बदललं नाही. कधी कुणी शोधत आलं तर नावावरून ओळखेल, म्हणाली. पुढे छावणीत तू विचारायला लागलास की मी सातवा तर बाकीचे कुठे, तेव्हा तिने पाच मेलेली मुलं रचली. तू त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायचास आणि ती तोंड फिरवून बसायची.

हे आईचं खोटं. ते प्रेमाचं आहे, तू तिला माफ करशील. माझं वेगळं आहे, ते तिलाही माहीत नाही.

आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच थांबली होती, कुणी तुला न्यायला येईल म्हणून. सकाळी ती कसावा उपटायला गेली आणि मी पाण्यावर गेले. पलीकडच्या काठावरून एक बाई हाक मारत होती. "न्यांद्वी! न्यांद्वी!" धुक्यात दिसत काही नव्हतं. हाक तीनदा आली, मग थोडी खालच्या अंगाला आणखी एकदा. सातवी मुलं देशात पुष्कळ, दुसरा कुणी न्यांद्वी असेल, असं मी अठ्ठावीस वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्या वेळी माझ्या मनात तसं काही आलं नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की ओ दिली तर तू जाशील. तू माझ्या घोंगडीत झोपला होतास, अंगठा तोंडात घालून. मला भाऊ हवा होता रे. मी भांडं भरलं आणि परत आले. आई विचारत होती, "कुणी आलं होतं का?" मी म्हटलं, "नाही."

आता तुला काय करायचं ते तू ठरव. साहेबाला खरं सांगितलंस, 'मी सापडलेला, स्पेसियोझाने वाढवलेला', तर काबुराबाबा तुझ्या मागे उभे आहेत. तेवढ्यावर शिक्का बसेल की नाही, मला सांगता येत नाही. बसला नाही तर तुला ना इकडचा ना तिकडचा करून ठेवणारी मीच. आणि शिक्का बसूनही तुला आमच्या घरी न येता रुवुबूच्या पलीकडे जायचं असेल, तिथल्या टेकड्यांवर सहा मुलांमागे सातवा हरवलेली बाई शोधायची असेल, तर जा. अजून जिवंत असेल ती. आईला मी सांगेन, तुझा दोष नाही म्हणून.

गुरुवारी मी सरहद्दीवर असेन. काबुराबाबा येणार आहेत, आईही हट्ट धरून बसली आहे. बसमधून उतरलास की आधी तिला भेट. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर बघ.

खाली दरवेळी 'तुझी ताई' लिहिते. आज लिहिण्याची हिंमत होत नाही.

कानेझा