माझ्या पश्चात मशीनने डिस्क घेतली नाही तर

मी, ज्याला बाजारात सगळे लेन्सवाला म्हणून ओळखतात, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा टीव्हीवर खेळायच्या गेमची जुनी मशिने दुरुस्त करणे, हा कागद राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीत आहे. कुणी माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही. भीती मात्र आहे. भीती जबरदस्तीत धरतात का, हे मी कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या काकांना विचारले. ते म्हणाले, "बिनधास्त माणूस मृत्युपत्र लिहितो कधी? लिही तू. फक्त खाडाखोड करू नकोस. केलीस तर बाजूला सही कर." त्यामुळे अवघड शब्द मी आधी रद्दी कागदावर लिहून, शब्दकोशात बघून, मग येथे उतरवत आहे.

उद्या सकाळी माझ्या हृदयाची एक झडप उघडून नीट करणार आहेत. मोठे डॉक्टर म्हणाले, "घाबरू नकोस, आमचं रोजचंच काम आहे." हे वाक्य माझ्या ओळखीचे आहे. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते आमचे उस्ताद गिऱ्हाइकाला हेच सांगतात, आणि गिऱ्हाइकाची पाठ वळली की मला म्हणतात, "उघडल्यावर काय होईल सांगता येत नाही. बंद होतं तोवर निदान रडतखडत चालत होतं." दुकानात तशी पाटीच आहे, की मशीन उघडल्यावर सुरू न झाल्यास दुकान जबाबदार नाही. हॉस्पिटलातही याच अर्थाच्या कागदावर माझी सही घेतली. मी तो पुन्हा पुन्हा वाचत बसलो, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "अरे, यावर परीक्षा नाही घ्यायची तुझी." मला हसू आले नाही.

तरी मी परत न आल्यास पुढीलप्रमाणे करावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची गॅलरी, वडिलांनी आजारी पडल्यावर माझ्या नावावर केले होते. ते माझ्या थोरल्या बहिणीला द्यावे. अट एकच. वडील हयात असेतो त्यांना त्यांच्या खोलीतून हलवू नये, आणि त्यांच्या पलंगासमोरचा टीव्ही व टीव्हीखालचे मशीन यांची जागा बदलू नये. झाडण्यासाठीसुद्धा नाही.

२. बँकेत जे काही असेल ते वडिलांच्या औषधांसाठी. त्यातून माझा फोटो मोठा करून लावू नये. माझ्या सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले आहेत.

३. माझी हत्यारे, सोल्डरिंगची बंदूक आणि भिंगाचा दिवा उस्तादांना परत. त्यांचीच होती. त्यांनी "राहू दे तुझ्याकडं" म्हटले होते, पण ते भिडेपोटी.

४. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. ताई, हे तू सावकाश वाच.

वडील आयुष्यभर शहर बस चालवत होते. अर्धांगवायूनंतर त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. "हं" एवढेच उरले. पण संध्याकाळी मी मशीन लावून कंट्रोलर डाव्या हातात दिला, की ते गाडी चालवतात. गेम शर्यतीचा आहे. बाकीच्या गाड्या सुसाट जातात. बाबा आपली लेन सोडत नाहीत, वळणावर वेग कमी करतात, आणि कायम शेवटचे येतात. शेवटचे आले की समाधानाने जेवतात. ज्या दिवशी मशीन डिस्क घेत नाही, त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करतात, आणि मग घास काय, पाणीसुद्धा घेत नाहीत. मला उद्याची भीती वाटते ती यासाठी. मी नसलो आणि मशीन बंद पडले, तर हा माणूस भिंतीकडे बघत संपेल.

म्हणून, मशीन डिस्क घेत नसेल तर आधी मशीनला दोष देऊ नये. दुसरी डिस्क लावून पाहावी. ती चालली तर पहिली डिस्क मळलेली आहे. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. दोन्ही डिस्क चालत नसतील तर झाकण घट्ट लागले का ते पाहावे, कारण झाकण उघडे वाटले तर मशीन डिस्क फिरवतच नाही. डिस्क फिरते पण चित्र येत नाही, असे असेल तर लेन्स पुसावी. लेन्स म्हणजे झाकणाखालचा बारीक काचेचा डोळा. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून, तान्ह्या बाळाचे डोळे पुसतो तितक्या हलक्या हाताने पुसावी, आणि पूर्ण वाळू द्यावी. तरीही चित्र नाही आले, तर झाकण लावून मशीन चक्क उलटे करावे, पाय वर, आणि मग चालू करावे. लेन्स ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरून सरकते ती झिजली आहे, त्यामुळे लेन्स खाली झुकते. उलटे केले की ती स्वतःच्या वजनाने डिस्ककडे येते. हे वेड्यासारखे दिसते, पण चालते.

एवढ्यानेही न झाल्यास कपाटातली नवी लेन्स घेऊन उस्तादांकडे जावे. नव्या लेन्सवर सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, एक ठिपका असतो, तो काढल्याशिवाय ती चालत नाही. तो उस्तादांनीच काढावा.

५. लेन्सच्या कडेला एक बारीक स्क्रू आहे. त्याला कुणीही हात लावू नये. कुणीही म्हणजे दाजींनी.

याचे कारण लिहून ठेवतो. मागे एकदा मी तपासण्यांसाठी हॉस्पिटलात असताना मशीन अडले. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, यांनी फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहून तो स्क्रू फिरवला. मशीन लगेच चालले. मी आलो तेव्हा ते पाय पसरून बसले होते. म्हणाले, "बघा लेन्सवाले! एक स्क्रू फिरवला, खेळ खल्लास. तुम्ही लोक उगाच बाऊ करता." मी सांगितले, की दाजी, त्याने लेन्सचा प्रकाश वाढतो, म्हणून आज झकास चालेल, पण ती लवकर जळेल. ते म्हणाले, "चालतंय ना? मग झालं तर." ताईनेही त्यांचीच बाजू घेतली. पावसाळा संपायच्या आत लेन्स जळाली. बाबा भिंतीकडे वळले, आणि त्यांना सलाइन लावावे लागले. दाजी तेव्हा म्हणाले, "जुनं मशीन, जायचंच होतं." हे वाक्य मी विसरलेलो नाही, आणि विसरण्याची माझी इच्छाही नाही.

दाजींना मी माझी सायकल देतो. तिचे वाटेल ते स्क्रू फिरवावेत.

६. येथवर लिहून झाल्यावर मी आज संध्याकाळी कलम चारची परीक्षा घेतली. लेन्सवर मुद्दाम धूळ बसू दिली, कागद ताईच्या हातात दिला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. म्हटले, "मी घरात नाही असं समज."

"अभद्र बोलू नकोस," ताई खोलीतून म्हणाली. थोड्या वेळाने तिचाच आवाज आला, "डिस्क पुसली. झाकण दाबलं. कापूस फिरवला. अरे, नुसतं घरघरतंय हे."

"पुढचं वाच."

"वाचलं. मशीन उलटं करा म्हणे! काहीतरीच. घाबरून घाबरून डोकं फिरलंय तुझं. टीव्ही उलटा करून बघतं का कोणी?"

"ताई, लिहिलंय तसं कर."

"पडलं, फुटलं म्हणजे? उद्या तू ऑपरेशनला जाणार, आणि इथे बाबा उपाशी. मला नाही जमायचं हे. तू ये इकडे."

मी उठलो नाही, कारण उद्यानंतर उठायला मी असेन की नाही हे मला माहीत नव्हते. आम्ही असे खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून खोलीत भांडत असताना पलंग करकरला. मग मला गेमच्या सुरुवातीचे संगीत ऐकू आले.

मी धावत गेलो. मशीन पाय वर करून पडले होते. बाबा पलंगाच्या कडेला सरकून, वाकून, डावा हात त्यावर ठेवून बसले होते. ताई म्हणाली, "मी काही केलं नाही रे. बाबांनीच उलटं केलं."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारले.

"हं," म्हणाले, आणि कंट्रोलर घ्यायला हात पुढे केला. इतके दिवस मी त्यांच्यासमोर बसून हेच करत होतो. ते टीव्हीकडे बघतात असे मी धरून चाललो होतो.

ते शेवटचे आले. पोटभर जेवले.

७. म्हणजे माझ्यावाचून त्यांचे अडणार नाही. मग मला हलके वाटायला हवे होते. मी हात धुतले, हे लिहायला बसलो, आणि अक्षर वाकडे येऊ लागले, ते वर दिसत आहेच. इतके दिवस मी समजत होतो की भीती बाबांसाठी आहे. बाबांची सोय झाली, आणि भीती जागेवरून हललीसुद्धा नाही. ती माझीच होती. मला मरायचे नाही. मी अजून कुठेच गेलेलो नाही, कुणाला आवडलेलो नाही, आणि माझे डोळे उघडे असलेला एक फोटोही नाही.

हे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही, हे मला कळते. अर्जवाले काका सहीला आले तेव्हा वाचून थांबले. म्हणाले, "हे खोडून टाक. बाजूला छोटी सही कर, चालेल."

मी खोडत नाही. मला मरायचे नाही, हीसुद्धा माझी इच्छा आहे, आणि ती पूर्ण शुद्धीत लिहिली आहे.

लिहून देणार: लेन्सवाला (सही)

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काहीही मिळणार नाही, आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. अर्ज लिहून देणारे काका (सही)
२. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी (सही)

ठिकाण: वडिलांची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, सोमवार, संध्याकाळ